समुद्रात हरवलेली टेबलं

१

मागणी मेल्याची बातमी शनिवारी सकाळी आली. आणली सुतारांच्या सहकारी संस्थेच्या चेअरमनसाहेबांनी, स्वतः चालत.

कोणाच्या घरी वाईट सांगायला जावं तसे ते टेबलांच्या शेडच्या दारात अडखळले. आत नेहमीचा कल्लोळ होता. करवत किंचाळत होती, काचकागद खसखसत होते. या सगळ्याच्या मधोमध शेडची मुख्य कारागीर, जिला लहानथोर सगळेच ताई म्हणत, एका लांब फळीवर रंधा मारत गुणगुणत होती:

रंधा फिरे बाई, साल निघे गोल,
मुक्या लाकडाच्या पोटी दडले गं बोल.

"ताई," चेअरमन म्हणाले, "जरा यंत्रं थांबवा."

यंत्रं थांबली. हवेतला भुसासुद्धा खाली बसताना ऐकू यावा, अशी शांतता झाली.

"पलीकडच्या देशात लाकडी टेबलांची मागणी संपली. आपण मागवलेला अहवाल आलाय. त्यांच्या आयातीचा आलेख बघवत नाही. सोमवारी सभेत ठराव मांडावा लागेल. हे शेड बंद करायचं, जागा शेजारच्या पत्रेवाल्याला द्यायची. खुर्च्यांचं शेड तेवढं चालू राहील."

ताईने रंधा उलटा ठेवला. "साहेब, परवाच मोठी ऑर्डर आलीय. लाकूड चिरून ठेवलंय."

"मेलेल्या माणसाची नखंही चार दिवस वाढतात म्हणे, ताई. उद्याचं बोला."

पॉलिशच्या कोपऱ्यातल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. या शेडात कोणाची आई काम करून गेली होती, कोणाची सून नुकती लागली होती. यातल्या काहीजणी पत्रा ठोकायला गेल्या असत्या, बाकीच्या घरी बसल्या असत्या. ताईने हात पुसले आणि फोन लावला तो आपल्या बहिणीला.

ही बहीण सगळ्यांची धाकटी. केस पांढरे झाले तरी धाकटीच. शहरात व्यापाराचे आकडे वाचायची नोकरी करायची: कुठल्या बंदरात काय चढलं, कुठे काय उतरलं, कोणाला काय हवंसं झालं आणि कोणाला काय नकोसं.

"धाकटे, इथे कोणीतरी मेलंय म्हणतात," ताई म्हणाली. "येऊन नाडी बघशील का?"

दुपारी धाकटी आली ती पिशवी न ठेवताच अहवालावर वाकली. आलेखाची रेघ कित्येक वर्षं सुखाने चढत होती. गेल्या मार्चमध्ये ती कड्यावरून पडावी तशी कोसळली आणि तळाशी सरपटत राहिली.

"लोकांचा एखाद्या वस्तूवरचा जीव उडतो ना, तो हळूहळू उडतो," धाकटी म्हणाली. "आधी खोकला, मग ताप, मग अंथरूण. ही तर धडधाकट चालता चालता एका महिन्यात गडप झालीय. त्यांनी नवा कर लावला? बंदी घातली?"

"कुठे काय. तिकडे आपला माल विकणारा एजंट सांगितल्याशिवाय राहिला असता का?"

"मग हिला कोणीतरी ढकललंय. नाहीतर..."

"नाहीतर काय गं? पुरं बोल."

"नाहीतर ती मेलेलीच नाही. ती घर सोडून गेलीय, आणि आपण रिकाम्या घरासमोर गळे काढतोय."

२

अहवाल लिहिणारा तरुण संस्थेच्या ऑफिसात मान खाली घालून बसला होता. पुढ्यातल्या चहावर साय धरली होती. पत्रेवाल्याने त्याला खिशात घातलाय, अशी कुजबुज त्याच्या कानावर आली असावी.

"मॅडम, तुम्ही माझी चूक काढायला आलात."

"निघाली तर काढीन. नाही निघाली तर गरम चहा पाजीन. आधी सांगा, हे आकडे कुठले?"

"पलीकडच्या देशाचे. त्यांच्या कस्टमने नोंदवलेली आयात. आयातीची मागणी मोजायची तर तोच आकडा खरा मानतात. माल बाहेर पाठवताना बंदरात कोणी फारसं बघत नाही, पाठवणारा जे सांगेल ते लिहितात. पण आत घेताना कर लावायचा असतो. तेव्हा खोका उघडून, डोळ्यांत तेल घालून बघतात."

"बरोबर. मीही तेच केलं असतं." हे ऐकून तरुणाची मान थोडी वर आली. "आता ही एक रेघ उसवा. कोणत्या देशाकडून किती टेबलं आली, ते वेगळं दाखवा."

तरुणाने लॅपटॉपवर रेघ उसवली. इतर सगळ्या देशांच्या रेघा जिथल्या तिथे होत्या, एकदोन तर किंचित वर सरकल्या होत्या. कोसळली होती फक्त एक रेघ: आपल्या बंदराची. ती सगळ्यांत जाड होती, म्हणून तिने पडताना एकूण मागणीलाही खाली ओढलं होतं.

"म्हणजे त्यांना टेबलं हवी आहेत, पण आपली नकोत," तरुण हळूच म्हणाला. "हे तर जास्तच वाईट."

"थांबा. आपल्या खुर्च्या?"

खुर्च्यांचा कस्टमचा क्रमांक वेगळा, त्यांचा हिशेबही वेगळा. तिथली रेघ डुलत डुलत वर चाललेली. मार्चचं तिच्या गावीही नव्हतं.

धाकटीने चष्मा कपाळावर ढकलला. "आमच्या खुर्च्या आवडीने घेतात आणि टेबलं घेत नाहीत. मग काय, खुर्चीत बसून ताट मांडीवर घेतात? बरं, आपल्या बंदराने काय लिहिलंय? इथून निघालेल्या टेबलांचं वजन?"

"निर्यात? ती मी बघितली नाही. मागणी त्यांची मोजायची होती ना."

"आता बघा."

तरुणाने दोन रेघा शेजारी शेजारी मांडल्या आणि त्याचा हात माउसवरच राहिला. इथून महिन्याच्या महिन्याला टेबलं निघत होती, आधीपेक्षा जास्तच. तिथे मार्चनंतर आपली टेबलं जवळजवळ उतरलीच नव्हती.

"मॅडम, इथून निघाली. तिथे पोचली नाहीत."

"हं."

"मग इतकी टेबलं मधल्या समुद्रात गेली कुठे?"

३

बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. संध्याकाळपर्यंत पानाच्या टपरीवर तस्करी ठरली, शिंप्याच्या दुकानात जहाज बुडालं, आणि न्हाव्याकडे तर गिऱ्हाइकाचा अर्धा गाल तसाच ठेवून सगळं कारस्थान उलगडलं गेलं: पत्रेवाल्याने वाटेतच माल फिरवला, म्हणजे शेड स्वस्तात हातात.

धाकटी सरळ पत्रेवाल्याकडेच गेली. त्याच्या कारखान्यात ठोकाठोकीचा असा दणदणाट, की गुपितही ओरडूनच सांगावं लागे.

"मला शेड हवंय!" पत्रेवाला ओरडला. "लपवतोय कुठे? रॅक ठेवायला जागा नाही. पण त्यासाठी मी टेबलं बुडवीन? अहो, माझी बायको तुमच्या ताईच्या हाताखाली पॉलिश करते. घरी जेवायला नको का मला?"

"लोकांनी लाकूड सोडून लोखंडाची टेबलं घेतली असतील. तुमची!"

"माझी रॅक जातात तिकडे, दुकानांत! रॅकवर बसून कोणी जेवतं का?"

धाकटीला हसू आलं. तिने आकडे आधीच पाहिले होते. पलीकडच्या देशात लोखंडी सामानाची आयात आपल्या जुन्याच चालीने, मुंगीच्या पावलांनी वाढत होती. मार्चमध्ये तिने उडी मारली नव्हती. तिथल्या सुतारांनी स्वतः टेबलं करायला घेतली असती तर चिरलेल्या लाकडाची आयात फुगली असती. तीही जागच्या जागी होती. म्हणजे टेबलाच्या जागेवर दुसरं कोणी येऊन बसलेलंच नव्हतं. जागा रिकामी दिसत होती, आणि तरीही कोणाची तक्रार नव्हती. माणसं जमिनीवर ताटं मांडून गप्प बसली असतील, हे काही पटण्यासारखं नव्हतं.

"एक सांगू का?" पत्रेवाल्याने हातोडा खाली ठेवला आणि तो पहिल्यांदाच साध्या आवाजात बोलला. "वाकडं शोधायचंच तर त्या गोडबोल्या एजंटकडे बघा. त्याने तिकडच्या बंदराजवळ केवढं तरी गोदाम भाड्याने घेतलंय. माझा ड्रायव्हर बघून आला."

"कधीपासून?"

"झालं असेल वर्ष. धंद्यातला माणूस आहे मी, बाई. ज्याचा माल खपतो त्याला गोदाम लागत नाही."

ताईला हे सांगितलं तेव्हा तिने हातातला तांब्या खाली ठेवला. "म्हणजे ऑर्डरी खोट्या? तो नुसता साठवून ठेवतोय? आणि एक दिवस म्हणेल, बस झालं?"

धाकटीही मनात तोच हिशेब करत होती. साठवलेला माल एक ना एक दिवस बाहेर येतो, आणि त्या दिवशी ऑर्डरी थांबतात. चेअरमन म्हणाले ती नखं हीच असतील तर?

४

गोडबोल्या एजंट रविवारी सकाळी लॉजच्या पुढच्या खोलीत पेपर वाचत सापडला. सोमवारच्या सभेसाठीच तो आला होता. बोलण्यात इतका गोड, की त्याच्या चहात लोक साखर घालत नसत.

"या या, ताईंच्या भगिनी! काय चेहरा! तोच सात्त्विक भाव!"

"तुमचं गोदाम केवढं आहे?" धाकटीने बसता बसताच विचारलं.

एजंटचं हसू तसंच राहिलं, डोळे मात्र दाराकडे गेले. "गोदाम होय... आहे आपलं लहानसं. धंदा म्हटला की..."

"मी उद्या सभेत सांगणार आहे. आमची टेबलं तिथल्या कोणाच्याही घरात गेलेली नाहीत. तुमच्या गोदामात कुजतायत."

"कुजतायत?" एजंट ताडकन उठला. गोडवा पाघळला आणि आतला माणूस बाहेर आला. "अहो, काय बोलता! एक दिवस माझा फोन घेऊन बसा तुम्ही. एक म्हणतो टेबल डुगडुगतं, दुसरी म्हणते सूप सांडलं, तिसरा म्हणतो पायाखाली पुठ्ठा घालून घालून पुठ्ठा संपला! कुजतायत म्हणे!"

आणि त्याने जीभ चावली.

धाकटीचा चेहरा उजळला. वाईट बातमी ऐकून कोणी इतकं खूश झालेलं एजंटने पाहिलं नसावं.

"डुगडुगतात?" ती म्हणाली. "खरंच?"

"ताईंना सांगू नका. फार तत्त्वाची बाई. एक टेबल डुगडुगलं कळलं तर पुढचा सगळा माल रोखून धरतील. माझी गिऱ्हाइकं दारात उभी आहेत हो. म्हणून दाबून ठेवलं."

"अहो, गोदामात पडलेलं टेबल डुगडुगत नाही. टेबल डुगडुगायला त्यावर कोणीतरी कोपर टेकावं लागतं. पोरांनी भांडावं लागतं. सूप सांडायला आधी सूप वाढावं लागतं." ती खुर्चीच्या कडेला सरकली. "म्हणजे टेबलं पोचली आहेत. घराघरांत पोचली आहेत."

"पोचली नाहीत, असं म्हटलं कोणी?"

"त्यांच्या कस्टमने."

आता एजंटची बुचकळ्यात पडायची पाळी होती. त्याचा माल राजरोस बंदरातून सुटत होता, पावत्या होत्या, कर भरलेला होता. चोरीचा मामला असता तर तो या खोलीत पेपर वाचत बसला असता का?

"मग गोदाम कशाला?" धाकटीने विचारलं.

"वाट बघायला. माझा अर्धा माल कायम दुसऱ्या अर्ध्याची वाट बघत पडलेला असतो. तो आला की जोडायचा आणि घरोघरी पाठवायचा."

"कुठला अर्धा?"

एजंटने तिच्याकडे बघितलं, ती थट्टा करतेय की काय म्हणून. "ते तुमच्या पॅकिंगवाल्या काकांना विचारा. मला वाटलं, सगळ्या गावाला माहीत आहे."

५

सुट्टी असली तरी पॅकिंगवाले काका त्यांच्या शेडात होतेच. घरी करमत नाही, म्हणायचे. गावातल्या सगळ्या सुतारशाळांचा माल इथे यायचा आणि काकांच्या हातून बांधून बंदराकडे जायचा. काथ्याची गाठ मारावी तर काकांनी. सोडवणाऱ्याने काकांची आठवण काढलीच पाहिजे.

"ये पोरी. ताईची धाकटी ना तू? एवढीशी होतीस तेव्हा या खोक्यांत लपायचीस."

शेडच्या एका अंगाला टेबलांचे पाय होते, नुसते पाय. मोळ्या बांधून रचलेले, जळाऊ लाकडं रचावीत तसे. दुसऱ्या अंगाला टॉप होते, टेबलांच्या वरच्या फळ्या. एकेक मऊ घोंगडीत गुंडाळून, पुस्तकं उभी करावीत तशा. कुठेही एक अख्खं टेबल नव्हतं.

"काका, हे वेगवेगळं का?"

काकांची छाती फुगली. हा प्रश्न कोणी विचारावा म्हणून ते वर्षभर थांबले असावेत. "आपल्या गावचं पॉलिश तुला माहीत आहे. टॉपवर बोट टेकवलं तरी त्या बायका हात झटकतात. त्यात तोंड बघून कुंकू लावावं. आणि आधी काय व्हायचं? एकाच कंटेनरमध्ये पाय आणि टॉप. जहाज हललं की पाय घरंगळायचे, टॉपवर ओरखडा. पॉलिशवाली एक बाई तर ओरखड्याचा फोटो बघून रडली, माझ्यासमोर. मी म्हटलं, बस. पायांनी डोक्याला शिवायचं नाही. टॉप वेगळ्या कंटेनरमध्ये, पाय वेगळ्या. तेव्हापासून एक ओरखडा नाही!"

"दोन्ही कंटेनर एकाच जहाजावर?"

"छे. पाय आधी तयार होतात. टॉपवर पॉलिशचे हात चढायला, सुकायला वेळ लागतो. पायांनी उगाच जागा का अडवायची? पाय आधीच्या जहाजाने, टॉप मागून येणाऱ्या जहाजाने. सगळ्या सुतारशाळांनी उचलून धरलं. माझा सत्कार केला, शाल दिली."

"आणि खुर्च्या?"

"खुर्च्या काय, एकीत एक बसतात. अख्ख्याच जातात."

धाकटी पायांच्या एका मोळीवर टेकली. तिला पुढचा प्रश्न विचारायचीही भीती वाटत होती, इतका तो तिला हवा होता. "काका, हे कधीपासून?"

"गेल्या वर्षी. मार्चमधलं पहिलं जहाज."

तिने तिथूनच अहवालवाल्या तरुणाला फोन केला. तो केस विंचरायचे विसरून, लॅपटॉप काखेत मारून धावत आला.

"लाकडी फर्निचरचे सुटे भाग," धाकटी म्हणाली. "त्यांच्या आयातीतली ती ओळ काढा."

"ती मी मुद्दाम सोडली होती. सुटे भाग आणि तयार टेबलं दोन्ही धरली तर एकच टेबल दोनदा मोजलं जाण्याची भीती. ओळ वाढलेली दिसली होती, पण मला वाटलं तिथे कोणी जोडणीचा कारखाना काढला असेल."

"बरोबर शंका. पण कारखाना चार ठिकाणांहून भाग मागवतो. हे भाग कुठून आलेत ते बघा."

तरुणाने बघितलं. इतर सगळ्या देशांकडून येणारे सुटे भाग होते तेवढेच होते. सगळी वाढ एकाच बंदरातून आलेली, आपल्या. सुरुवात मार्चमध्ये.

"आता वजन. आपल्या बंदरातून निघालेली टेबलं किती किलो, आणि तिथे उतरलेले आपले सुटे भाग किती किलो."

काका घोंगडीची घडी हातात धरून तसेच उभे. तरुणाची बोटं चालत होती. जहाजाला पोचायला लागणारे दिवस त्याने मागेपुढे करून घेतले, आणि एक रेघ उचलून दुसरीवर ठेवली.

दोन रेघा एकमेकींवर अशा बसल्या, की खालची दिसेनाशी झाली.

"मिळाली," तरुण म्हणाला. "मॅडम, सगळी मिळाली."

काकांच्या हातातून घोंगडी गळून पडली. "म्हणजे पोरी... टेबलं मीच हरवली होती?"

६

सोमवारी सभेला बसायला जागा नव्हती. आणि गंमत अशी, की खुर्च्या बनवणाऱ्या संस्थेत अर्धे सभासद उभे होते.

धाकटी पुढे आली. आधी तिने काय काय घडलं नाही ते सांगितलं. मागणी आजाराने मेली नाही, कारण रेघ एका महिन्यात पडली. लोखंडाने मारली नाही, तिथल्या सुतारांनीही नाही, कारण दोघांच्याही आकड्यांनी मार्चमध्ये उडी घेतलेली नाही. दुसऱ्या देशांनी आपलं गिऱ्हाईक पळवलं नाही. त्यांच्या रेघा होत्या तिथेच आहेत. एजंटने माल दडवला नाही, कारण लोक त्या टेबलांवर जेवतायत आणि भांडतायत.

"भांडतायत कशाला?" ताईने लगेच कान टवकारले.

"ते नंतर सांगते, आत्ता मला मारू नकोस." हशा झाला. "आपलं बंदर ऑर्डर बघून लिहितं: टेबलं. त्यांचं बंदर खोका उघडून बघतं. पहिल्या खोक्यात काय? नुसते पाय. नुसत्या पायांना कोणता साहेब टेबल म्हणेल? त्याने लिहिलं, सुटे भाग. पुढच्या जहाजातून नुसते टॉप आले. पुन्हा सुटे भाग. दोघांची गाठ पडते एजंटच्या गोदामात, आणि तिथे कस्टमवाला बसलेला नसतो. म्हणून टेबलं त्यांच्या देशात पोचतात, पण टेबलांच्या ओळीत पोचत नाहीत."

चेअरमन हाताची घडी घालून ऐकत होते. "हे तुमचं अनुमान झालं. सुटे भाग तिथला एखादा कारखाना घेत असेल, उद्या तो आपल्यालाच मारेल. अहवालात तसं लिहिलंय."

तेव्हा अहवालवाला तरुण उभा राहिला. "साहेब, ते वाक्य माझंच आहे. ते मी मागे घेतो. कारखाना असता तर भाग इतर देशांकडूनही वाढले असते, ते वाढले नाहीत. आणि हरवलेल्या टेबलांचं वजन आणि सापडलेल्या भागांचं वजन एकच निघालं. ओळ बदलली की नाव बदलतं, साहेब. वजन बदलत नाही."

मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "सोप्या भाषेत सांगा हो!"

ताई उभी राहिली. "सोपंच आहे रे. लेक सासरी गेली, तिथे तिचं नाव बदललं. आपण दारात उभं राहून माहेरच्या नावाने हाका मारतोय. ओ देणार कोण? म्हणून लगेच पोर गेली म्हणून रडायचं?"

सभा एकदम सैल झाली. पॉलिशच्या बायकांनी एकमेकींना कोपर मारलं. एकीने डोळे पुसले, आणि धूळ गेली म्हणाली.

तरुणाने भिंतीवर नवा आलेख लावला. दोन्ही ओळी जोडून, एकही टेबल दोनदा न मोजता. रेघ मार्चमध्ये पडली नव्हती. ती चढतच राहिली होती, आणि गेल्या काही महिन्यांत तर दम न खाता. चेअरमन उठून अगदी जवळ गेले. आपण ज्याच्या तेराव्याची तयारी केली तो माणूस दारात उभा बघून जसा चेहरा होईल, तसा त्यांचा झाला. मग त्यांनी ठरावाचा कागद चार घड्या करून खिशात टाकला.

"शेड बंद करण्याच्या बाजूने कोण?" त्यांनी रीत म्हणून विचारलं.

जागा घ्यायची म्हणून सभेला आलेल्या पत्रेवाल्याचा हात नकळत अर्धा वर गेला. पॉलिशच्या रांगेतून त्याच्या बायकोने फक्त मान वळवली. तो हात डोकं खाजवून खाली आला.

मग एजंटने सगळ्यांसमोर डुगडुगीची कबुली दिली. त्याच्या गोदामात एका खेपेचे पाय दुसऱ्याच खेपेच्या टॉपला लागत होते. ताईचा चेहरा आधी लाल झाला, मग विचारात गेला. कोपऱ्यात काका शाल मांडीवर ठेवून बसले होते, ती परत करायला आणल्यासारखी.

"काका," ताई म्हणाली, "ती शाल अंगावर घ्या. ओरखडे बंद केलेत तुम्ही. आता एवढंच करायचं: पाय टॉपसाठी थांबतील. एकाच कंटेनरमध्ये, मधे जाड पडदी. जोडीने निघतील, जोडीने पोचतील."

"पडदी मी बांधतो," काका घाईने म्हणाले. "आतून घोंगडी. बघच तू. पायाचा वाससुद्धा लागणार नाही डोक्याला."

"आणि मग त्यांचा साहेब खोका उघडेल," तरुण म्हणाला, "आणि लिहील: टेबलं."

दुपारी शेडात पुन्हा करवतीने सूर लावला. धाकटीची गाडी तासाभरात होती. ती निरोप घ्यायला गेली तेव्हा ताई लाकडाच्या ढिगाऱ्यातून फळ्या उपसत होती, एक उचलायची, नखाने टोकायची, बाजूला ठेवायची.

"ऑर्डरीची?"

"नाही." ताईने वर बघितलं नाही. "तुझ्या सगळ्या आकड्यांत एक मागणी आलेलीच नाही, धाकटे. कुठल्याही बंदरातून ती जाणारच नाही, मग कळणार कशी? इतकी वर्षं मी टेबलं करतेय. माझ्या घरात एक टेबल नाही."

धाकटी बघतच राहिली. खरंच होतं. ताईच्या घरी जेवण नेहमी ओट्याशी उभं राहून, नाहीतर पेटीवर ताट ठेवून.

"आजवर वाटायचं, हे शेड आज आहे, उद्या नाही," ताई म्हणाली. "आता करते. लांबलचक करते. तू, तुझ्याकडची सगळी, आमचे काका, तो चहा थंड करणारा पोरगा. सगळे एकदम बसले पाहिजेत."

"तो पत्रेवाला?"

"त्याची बायको आणेल की त्याला." ताईने एक फळी निवडली. रुंद, सरळ, मधासारख्या रंगाची. "बघत काय राहिलीस? ते टोक धर."

धाकटीने पिशवी खुंटीला अडकवली आणि फळीचं दुसरं टोक उचललं. ते तिला वाटलं होतं त्यापेक्षा चांगलंच जड होतं.